अंदमानच्या सागरी उद्यानात जाण्यापूर्वी

दिवाळी सरली की आमच्या घरचा दूरध्वनी एका ठरावीक कारणासाठी वाजू लागतो. पलीकडून कुणी परिचित, कुणी वाचक, कुणी जुना सहकारी बोलत असतो. "यंदा अंदमानला जायचे नक्की केले आहे. तुम्ही जाऊन आला आहात, काय काय पाहावे ते सांगा." मराठी माणसाच्या मनात अंदमान म्हणजे सेल्युलर कारागृह. ४ जुलै १९११ रोजी स्वातंत्र्यवीर सावरकरांनी त्या कारागृहात पाऊल ठेवले; त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव तेथे आधीपासूनच शिक्षा भोगत होते. तो कोलू, ती कोठडी पाहावी, तेथील माती कपाळी लावावी, ही ओढ स्वाभाविक आहे. ती पिढ्यान्‌पिढ्या टिकावी, असे मला मनापासून वाटते.

तथापि या लेखाचा विषय कारागृह नाही. गेल्या हिवाळ्यात डोंबिवलीतील एका वाचनालयाच्या सभासदांनी अंदमान यात्रेची पूर्वतयारी करण्यासाठी बैठक बोलावली होती. चाळीस जणांचा गट, त्यात निम्मे साठीच्या पुढचे. कार्यक्रमपत्रिका माझ्या हाती देण्यात आली. पहिला दिवस कारागृह आणि सायंकाळचा ध्वनिप्रकाश कार्यक्रम, दुसरा दिवस नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप, पुढचे दोन दिवस स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, आणि शेवटचा दिवस 'खरेदी व मोकळा वेळ'. मी विचारले, "यात वांडूर कुठे आहे?" आयोजक काका म्हणाले, "तिथे काय आहे? पाणीच ना? पाणी तर चार दिवस बघणारच आहोत." एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंनी मात्र वहीत नाव टिपून घेतले आणि म्हणाल्या, "सविस्तर सांगा. घाई करू नका." त्या संध्याकाळी जे सांगितले, तेच आज वाचकांपुढे ठेवत आहे.

पाण्याखालचे वन

वांडूर हे दक्षिण अंदमानातील एक लहानसे गाव. पोर्ट ब्लेअरपासून, म्हणजे सप्टेंबर २०२४ मध्ये ज्याचे नाव श्री विजयपुरम असे झाले त्या राजधानीपासून, ते पंचवीस-तीस किलोमीटरवर आहे. येथील पंधरा बेटे आणि त्यांच्या भोवतालचा समुद्र मिळून २८१ चौरस किलोमीटरांहून अधिक क्षेत्र १९८३ साली राष्ट्रीय उद्यान म्हणून घोषित झाले. महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान हे त्याचे नाव. आपल्या डोळ्यांसमोर राष्ट्रीय उद्यान म्हटले की ताडोबा येते, वाघ येतो. वांडूरच्या उद्यानाचा मोठा भाग पाण्याखाली आहे आणि तेथील वृक्षांच्या जागी प्रवाळ आहेत.

प्रवाळ म्हणजे पोवळे, हे आपल्याला ज्योतिषामुळे आणि दागिन्यांमुळे ठाऊक असते. पण तो सजीव आहे, हे बहुतेकांच्या ध्यानात नसते. पाण्यातील चुना घेऊन स्वतःभोवती कवच बांधणारे, आकाराने अत्यंत लहान असे असंख्य प्राणी एकमेकांना चिकटून वसाहत करतात. त्यांच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते आणि यजमानाला त्यातला मोठा वाटा देते. यजमान त्याला आसरा देतो. प्रवाळांना रंगही बहुतांशी या भाडेकरूमुळेच मिळतो. घुमटासारख्या वाढणाऱ्या प्रवाळांच्या कित्येक जाती वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. म्हणजे खोलीएवढा प्रवाळ आपल्याला दिसला, तर त्याचा प्रारंभ शिवकालात किंवा पेशवाईत झाला असण्याचा संभव असतो.

समुद्रतळाच्या एक टक्क्याहूनही कमी जागा व्यापणाऱ्या या भित्तींवर सागरी जीवसृष्टीच्या सुमारे पाव भागाचा निर्वाह चालतो, असे शास्त्रज्ञ सांगतात. मासळीची वीण येथे वाढते. वादळी लाटांचा जोर येथे मोडतो आणि किनाऱ्यावरच्या वस्तीचे रक्षण होते. तेव्हा 'पाणीच ना?' या प्रश्नाचे उत्तर असे, की ते केवळ पाणी नाही. तीही भारतभूमीच आहे. सकाळी अंथरुणातून उठताना पाऊल टेकण्यापूर्वी भूमीची क्षमा मागण्याचा संस्कार आपल्या घरांत आहे. त्या प्रार्थनेत भूमीचे वस्त्र म्हणून समुद्राचाच उल्लेख आहे, हे आपण रोज म्हणतो आणि विसरतो.

माझ्या काचेच्या कपाटातील वस्तू

आता एक कबुली. १९९६ साली मी प्रथम अंदमानला गेलो. पत्रकारितेत नवा होतो, वय सव्वीस. कारागृहाच्या आवारातील चिमूटभर माती मी एका चांदीच्या डबीत आणली. त्याच प्रवासात वांडूरहून नावेने जॉली बॉय बेटावर गेलो होतो. भरतीच्या रेषेजवळ मुठीएवढा गोल, नक्षीदार, पांढरा प्रवाळ पडलेला दिसला. आजूबाजूला कुणी नव्हते. तो रुमालात गुंडाळला आणि पिशवीत टाकला. घरी आल्यावर दोन्ही वस्तू काचेच्या कपाटात शेजारी-शेजारी ठेवल्या. पाहुणे येत, डबीला नमस्कार करत आणि प्रवाळ हातात घेऊन "काय सुंदर आहे हो!" म्हणत. मीही अभिमानाने हसत असे.

कित्येक वर्षांनी दुसऱ्यांदा तेथे गेलो, तेव्हा सोबत शाळकरी कन्या होती. तिने वाळूतला तसाच एक तुकडा उचलला. नावेवरच्या वनरक्षकाने तो नम्रपणे तिच्या हातून घेतला आणि होता तेथे परत ठेवला. त्याने तिला समजावले, की मेलेला प्रवाळही वाया जात नाही. त्याच्यावर नवे प्रवाळ रुजतात, त्याच्या आडोशाला लहान मासे राहतात आणि शेवटी त्याचीच वाळू होते. ही सगळी पांढरी वाळू त्याचीच. कन्येने माझ्याकडे पाहून विचारले, "बाबा, मग आपल्या कपाटातला तुम्ही कुठून आणलात?" मी तिला उत्तर देऊ शकलो नाही.

प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या सर्वोच्च अनुसूचीत २००१ साली स्थान मिळाले. पण म्हणून १९९६ सालची माझी कृती निर्दोष ठरत नाही. राष्ट्रीय उद्यानातून काहीही उचलणे त्याही वेळी गुन्हाच होता आणि मला ते ठाऊक नव्हते, एवढीच माझी बाजू. मी चोर नव्हतो. मी एक देशभक्त, सुशिक्षित, कला शाखेचा पदवीधर पर्यटक होतो. प्रश्न नेमका येथेच आहे. ज्या हाताने मी तेथील माती श्रद्धेने उचलली, त्याच हाताने तेथील ठेव लुटली आणि दोन्हीला मी 'आठवण' असे एकच नाव दिले.

संकटे दोन, एक दूरचे आणि एक हातातले

या भित्तींवर जे मोठे संकट आहे, ते अर्थातच एखाद्या पर्यटकाच्या पिशवीएवढे लहान नाही. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळी तापमानाहून अंशभर जरी अधिक तापले आणि आठवडेच्या आठवडे तसेच राहिले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवाल बाहेर टाकतात, पांढरे फटक पडतात आणि ताप उतरला नाही तर उपासमारीने मरतात. अंदमानच्या समुद्राने १९९८, २०१० आणि २०१६ साली असे विरंजन अनुभवले. त्यातले २०१० सालचे फार मोठे होते. २०२४ साली तर जगभरच्या समुद्रांत एकाच वेळी विरंजन चालू असल्याचे शास्त्रज्ञांनी जाहीर केले. त्यात २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने आणि भूकंपाने येथील भूगोलच बदलला. उत्तर अंदमानचा काही किनारा उचलला गेला आणि प्रवाळ उघडे पडून मेले. दक्षिणेचा भाग खचला. सिप्पीघाटसारख्या गावांतील भातखाचरांत खारे पाणी शिरले ते गेलेच नाही. वांडूरच्या किनाऱ्यावर आडवे झालेले प्रचंड वृक्ष त्या दिवसाची साक्ष देत होते.

यावर कुणी म्हणेल, "एवढ्या मोठ्या संकटापुढे माझ्या एका बाटलीने आणि एका पावलाने काय बिघडते?" हा युक्तिवाद मी त्या बैठकीतही ऐकला. माझे उत्तर साधे आहे. घरातले माणूस दीर्घ आजारातून उठत असताना त्याच्या खोलीत आपण अधिक काळजीने वावरतो. 'आजार मोठा आहे, मग माझ्या गोंगाटाने काय होणार' असे म्हणत नाही. तापलेल्या पाण्यातून सावरू पाहणाऱ्या प्रवाळावर उभे राहून छायाचित्र काढणे, हा त्या गोंगाटाचाच प्रकार आहे. समुद्राचा ताप उतरवणे डोंबिवलीच्या चाळीस जणांच्या हाती नाही. पाऊल कुठे ठेवायचे, हे मात्र पूर्णपणे त्यांच्या हाती आहे.

विश्रांती दिली तर निसर्ग सावरतो, याचे उदाहरण आपल्या शेजारीच आहे. थायलंडमधील माया उपसागर एका चित्रपटामुळे प्रसिद्धीस आला आणि दिवसाला हजारो पर्यटकांच्या नौका तेथे नांगर टाकू लागल्या. प्रवाळांची दुर्दशा झाली. तेथील शासनाने २०१८ साली तो सरळ बंद केला आणि जानेवारी २०२२ मध्ये संख्येचे निर्बंध घालूनच पुन्हा उघडला. मधल्या काळात लहान शार्क माशांचे थवे तेथे परतले होते. आपल्याकडे वांडूरला याच तत्त्वावर पूर्वीपासून एक व्यवस्था चालत आली आहे. कोरड्या ऋतूत जॉली बॉय बेट खुले असते आणि वर्षाच्या उरलेल्या काळात रेड स्किन. एक बेट पाहुण्यांचे, तर दुसरे विश्रांतीचे. शेत पडीक ठेवण्याची रीत ज्या शेतकऱ्याला कळते, त्याला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आखणी कशी करावी

आता व्यवहाराचे बोलू. पहिला प्रश्न ऋतूचा. मराठी कुटुंबे दिवाळीत किंवा मे महिन्यात बाहेर पडतात, कारण शाळांच्या सुट्ट्या तेव्हा असतात. अंदमानच्या समुद्राला मात्र या सुट्ट्या मानवत नाहीत. दिवाळीच्या सुमारास ईशान्य मोसमी पाऊस असतो, तर मे महिन्याच्या उत्तरार्धात नैर्ऋत्य मोसमी वारे देशात सर्वांत आधी तेथेच पोहोचतात. अनेकांना २८ मे ही सावरकर जयंती कारागृहात साजरी करावीशी वाटते. भावना योग्य आहे. पण त्या दिवसांत समुद्र खवळलेला असण्याचा आणि नौका रद्द होण्याचा संभव मोठा. ज्यांना कारागृह आणि सागरी उद्यान दोन्ही पाहायचे असेल, त्यांनी २६ फेब्रुवारी हा आत्मार्पणाचा दिवस धरावा. जानेवारी ते मार्च या काळात समुद्र शांत असतो आणि पाणी निवळशंख असते.

दुसरा प्रश्न परवान्याचा. उद्यानात जाण्यासाठी वनखात्याची परवानगी लागते आणि रोजच्या पर्यटकांची संख्या मर्यादित असते. म्हणून हा दिवस प्रवासाच्या शेवटी ठेवू नये. पहिल्या एक-दोन दिवसांत ठेवावा. वारा उठला तर पुढे ढकलण्यास जागा राहते. सोमवारी उद्यान बंद असते, हे तिकिटे काढतानाच पाहावे. ओळखपत्राच्या प्रती सोबत ठेवाव्यात. नावा सकाळी लवकर सुटतात. तेथे सूर्य आपल्याहून बराच आधी उगवतो आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास अंधारू लागते, तेव्हा मुंबईचे घड्याळ विसरावे.

तिसरा प्रश्न सामानाचा. बेटावर दुकान नाही, उपाहारगृह नाही, मुक्कामाची सोय नाही, आणि नसावी. प्लॅस्टिकला बंदी आहे आणि धक्क्यावर पिशव्या तपासल्या जातात. तेथे हुज्जत घालणारे पर्यटक मी पाहिले आहेत, त्यात आपली भाषा बोलणारेही होते. स्टीलच्या डब्यात पोळी-भाजी आणि स्टीलच्या किंवा तांब्याच्या बाटलीत पाणी, ही तर आपल्या आजीची पद्धत. ती नेमकी तेथे उपयोगी पडते. जे न्याल ते सारे परत आणा, फळांच्या सालीसुद्धा. कातडी उन्हाने भाजू नये म्हणून लोक मलमे फासून पाण्यात उतरतात. त्यांतील काही रसायने प्रवाळांना घातक ठरतात, म्हणून पलाऊ या द्वीपराष्ट्राने २०२० साली आणि हवाईने २०२१ साली त्यांवर बंदी आणली. लांब बाह्यांचा सुती सदरा आणि टोपी हा त्याहून बरा उपाय.

चौथा प्रश्न पाहण्याचा. जॉली बॉयला धक्का नाही. मोठी नाव दूर थांबते आणि काचेच्या तळाच्या लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेले जाते. त्या काचेतून प्रवाळ दिसतात, त्यामुळे पोहता न येणाऱ्यांनी आणि ज्येष्ठांनी निराश होऊ नये. ज्यांना मुखवटा आणि नळी लावून पाण्यात उतरायचे असेल, त्यांनी तरंगजाकीट घालावे, वाटाड्याचे ऐकावे, प्रवाळाला हात लावू नये, त्यावर उभे राहू नये आणि माशांना खाऊ घालू नये. वांडूरच्या मुख्य किनाऱ्यावर खाऱ्या पाण्यातील मगरींचे इशारे लावलेले आहेत. ते शोभेचे नाहीत. आदिम जमातींच्या राखीव प्रदेशाविषयीचे नियमही तितक्याच काटेकोरपणे पाळावेत. १९५६ सालचे त्यांच्या संरक्षणाचे विनियम आहेत. ती माणसे प्रेक्षणीय स्थळ नव्हेत. त्यांचे छायाचित्र घेणे हा गुन्हा आहे.

दोन आक्षेप

एक आक्षेप असा, की निर्बंधांमुळे स्थानिकांचा रोजगार बुडतो. हा आक्षेप हलक्याने घेऊ नये. नावाडी, वाटाडे, भाड्याच्या मोटारींचे चालक या साऱ्यांची चूल पर्यटनावर पेटते. त्यांतील अनेक कुटुंबे फाळणीनंतर पूर्व बंगालमधून येऊन या बेटांवर नव्याने उभी राहिलेली आहेत. पण नावाड्याचे भांडवल त्याची नाव नसून काचेतून दिसणारे ते प्रवाळ आहेत, हे त्याला आपल्याहून अधिक कळते. प्रवाळ मेले तर काचेतून राख पाहायला कोण जाईल? म्हणून संख्या वाढवण्याचा आग्रह धरण्याऐवजी प्रत्येक पर्यटकाकडून मिळणारा मोबदला वाढावा, असे मला वाटते. तिकिटावर घासाघीस करू नका. वाटाड्याला त्याच्या ज्ञानाचे योग्य मोल द्या. प्रवास कंपन्यांनीही अर्ध्या दिवसात बेट 'उरकून' देण्याचे आश्वासन देऊ नये आणि ग्राहकांनी ते मागू नये.

दुसरा आक्षेप अधिक सूक्ष्म आहे. एवढे नाजूक असेल तर जावेच कशाला? मी यावर बराच विचार केला. न जाणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग, यात शंका नाही. पण ज्या भूमीला आपण कधी पाहिले नाही, तिच्यासाठी आवाजही उठवत नाही, हाही अनुभव आहे. मुख्य भूमीपासून सुमारे बाराशे किलोमीटर दूर असलेला हा प्रदेश आपल्या पाठ्यपुस्तकात नकाशाच्या कोपऱ्यातील ठिपक्यांपुरता उरला होता. जानेवारी २०२३ मध्ये तेथील एकवीस अनाम बेटांना परमवीर चक्र विजेत्यांची नावे देण्यात आली. कारवारजवळच्या चेंडिया गावचे रामा राघोबा राणे त्यांतले एक. नाव देणे म्हणजे नाते जोडणे. नाते जोडले की जबाबदारी येते. परमवीराचे नाव धारण करणाऱ्या बेटाच्या किनाऱ्यावर उद्या आपल्याच बाटल्या तरंगताना दिसल्या, तर त्या नामकरणाला काय अर्थ उरेल? तेव्हा जावे, पण आयुष्यात एकदा, पूर्ण तयारीने आणि पाहुण्याच्या मर्यादेत जावे.

आपल्या पूर्वजांनी तीर्थयात्रेला नियम घातले होते. काय खावे, कसे वागावे, परत येताना काय आणावे, सारे ठरलेले. यात्रा आणि सहल यांत फरक या नियमांचाच होता. आपण कारागृहात यात्रेकरू असतो, म्हणून तेथे कुणी भिंतीवर नाव कोरत नाही, कुणी मोठ्याने बोलत नाही. मग तासाभराच्या अंतरावर आपण एकदम सहलीला आलेले कसे होतो? सकाळचा यात्रेकरू दुपारीही यात्रेकरूच राहावा, एवढीच माझी विनंती आहे.

डोंबिवलीचा गट फेब्रुवारीत जाऊन आला. खरेदीचा दिवस रद्द झाला आणि वांडूर दुसऱ्या दिवशी घेतले गेले. मुख्याध्यापिकाबाईंचा दूरध्वनी आला. त्यांनी आयुष्यात प्रथमच काचेतून समुद्राचा तळ पाहिला होता. काही ठिकाणी प्रवाळ पांढरे आणि मोडलेले दिसले, काही ठिकाणी नवे अंकुर दिसले, असे त्यांनी जसेच्या तसे सांगितले. शेवटी म्हणाल्या, "आमच्यापैकी कुणीही काही उचलून आणले नाही. काकांनीसुद्धा नाही."

माझ्या कपाटातील तो प्रवाळ मी मागेच आमच्या भागातील वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिला. तेथील अधिकाऱ्याने कागद करून घेतला आणि म्हणाला, "अशी वस्तू स्वतःहून आणून देणारे फारसे येत नाहीत." बेटावर तो परत जाणार नाही, हे मला माहीत आहे, झालेली चूक तशीच राहील. कपाटात आता चांदीची डबी आहे आणि तिच्या शेजारची जागा मी मुद्दाम रिकामी ठेवली आहे. घरी येणारे कुणी विचारले, की येथे काय होते, तर मी त्यांना वांडूरची गोष्ट सांगतो आणि त्यांच्या प्रवासाची तारीख विचारून घेतो.